खाणीवरून खाली

२ डिसेंबर, सोमवार

आईकडे आले. थैली ठेवली आणि उंबऱ्यातच बसून राहिले. आतून आईने विचारलं, "कोण हाय?" मला दम लागला होता म्हणून बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आमा, आत ये की. दारात काय बसलीस पाव्हन्यावानी?"

तिला दिसत नाही. उजवा डोळा गेलेलाच आहे आणि डाव्यात मोतीबिंदू पिकलाय. तरी ओळखलं. आम्रपालीला आमा म्हणणारी तीच एक.

रिक्षा पायथ्याच्या चौकात सोडते, तिथून पुढे सगळं पायी. वस्तीला कागदोपत्री भलंमोठं नाव आहे, पण आम्ही तिला 'वरची खाण'च म्हणतो. बिबवेवाडीतून मान वर करून पाहिलं की टेकडीची एक बाजू कुणीतरी खरवडून खाल्ल्यासारखी दिसते, तीच. बहात्तरच्या दुष्काळात आई-बाबा करमाळ्याकडून इथे खडी फोडायला आले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. खाण बंद पडली. दगड काढून काढून जे टप्पे तयार झाले होते, त्यांच्यावरच लोकांनी घरं बांधली. बाबा गेले. मी पोस्टात लागले, लग्न झालं, कर्वेनगरला गेले. आई मात्र इथून हलली नाही.

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात डोळ्यांचं शिबिर झालं. डावा डोळा लवकर करून घ्या, नाहीतर तोही हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन अर्थातच खाली, हॉस्पिटलात. आणि आई चार वर्षांत खाली उतरलेली नाही. गुडघे वाकत नाहीत. शिवाय एकदा पावसात जिन्यावर घसरून पडली, तेव्हापासून मनात बसलंय.

प्रज्ञेश म्हणाला, "आई, आजीला कन्व्हिन्स करणं तुलाच जमेल. नाहीतरी तू आता फ्रीच आहेस."

फ्री. सकाळचे डबे, नातीची आंघोळ, दुपारची कामवाली, संध्याकाळचा स्वयंपाक, या सगळ्याला पोस्टात असताना मी घरकाम म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून त्याला फ्री म्हणतात. नातीला महिनाभर पाळणाघरात ठेवावं लागेल, हे सुनेने, पायलने, मला दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं.

खूप थकलेय. वय.

३ डिसेंबर, मंगळवार

आईकडे विषय काढला. शेजारची शालन तेव्हा चहा घेऊन आली होती. शिवणकाम करते, एकटी आहे, आईचं दूध-भाजी तीच बघते. ती म्हणाली, "मावशी, खुर्चीत बसवून चार पोरं नेतील खाली. गेल्या वर्षी गरोदर बाई नेली तशी."

आईने कप खाली ठेवला. "चौघांच्या खांद्यावरनं मानूस एकदाच जातं. मी न्हाई दोनदा जायची."

मग डोळा जाऊ देणार का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "माज्या पायांनी उतरीन. धरायला कायतरी पायजे आन् पायरी ठेंगणी पायजे. तशी वाट दाखव, येते." आणि जरा थांबून, "तशी वाट न्हाईच हितं."

मी शोधते म्हटलं. इतक्या वर्षांत बघितलीच नाही मी ही टेकडी. लहानपणी नुसती पळत उतरायचे.

५ डिसेंबर, गुरुवार

आधी सरळ जिना पाहिला. सगळी वस्ती याच्यावरूनच ये-जा करते. खालच्या पायऱ्या खाणीच्याच काळ्या दगडाच्या आहेत, खाणीत काम करणाऱ्यांनी घडवलेल्या. त्या अजून जागच्या हललेल्या नाहीत. मधल्या सिमेंटच्या, एका निवडणुकीतल्या. वरच्यांना फरशी लावलीय, बाथरूमला लावतात तसली, पुढच्या निवडणुकीतली. पाणी सांडलं की काच. एक पायरी वीतभर, तर दुसरी गुडघ्याएवढी. दोन्ही बाजूंची दारं थेट जिन्यावर उघडतात, त्यामुळे कठड्याला जागा नाही. एका वळणावर तर कुणाचं तरी वॉशिंग मशीन ठेवलंय आणि लोक त्याला हात टेकून वळतात. तेवढाच एक कठडा.

हे आईला जमणार नाही.

परत चढताना मध्ये बसले. एका बाईने पाणी दिलं. खालचा जबडा दुखतोय, दाढ किडली असणार. डेंटिस्ट आता कर्वेनगरला गेल्यावरच.

६ डिसेंबर, शुक्रवार

अर्धी वस्ती पहाटेच दादरला गेली. जिना रिकामा. आईने फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. ज्योत कुठे आहे हे तिने तळहात दुरून धरून ओळखलं. मी बघत होते. मग नजर दुसरीकडे वळवली.

८ डिसेंबर, रविवार

ज्ञानदेव भेटला. शाळेत माझ्या वर्गात होता. खाणीत सुरुंग भरायचा, खाण बंद झाल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाला, आता घरी असतो. टेकडीची एकेक वाट मला तोंडपाठ आहे म्हणाला. नळवाटेने जाऊ, मोठ्या पाइपाच्या कडेने सपाट जाते, आजी हसत जातील.

गेलो. वाट सुरुवातीला खरोखर चांगली होती. पाइपाला धरता येतं, चढउतार नाही. मग ती एका घराच्या मागे वळली आणि एका न्हाणीघरात शिरली. आत कुणीतरी आंघोळ करत होतं. ज्ञानदेव बाहेरूनच म्हणाला, "इथून रस्ता होता." आतून उत्तर आलं, "होता. आता आम्ही आहोत."

परत फिरलो. ज्ञानदेव वाटेत पाइपावर टिचक्या मारत चालला. मग म्हणाला, दहा वर्षांत मी या बाजूला आलोच नसेन.

मला हसू आलं असतं, पण हसायला श्वास पुरेना.

९ डिसेंबर, सोमवार

आज आईने जाऊच दिलं नाही. डाळ निवडून दे, मग तांदूळ निवडून दे, मग डोक्याला तेल लाव. तेल लावून झाल्यावर म्हणाली, आता माजे पाय चेप. दुपारी मी दूध आणायला निघाले तर शालनने आधीच आणलेलं. भाजीही. आईनेच तिला सांगून ठेवलं होतं, आमाला खाली जायची पाळी येऊ देऊ नको म्हणून.

वाईट वाटलं. एक पिशवी दूध आणण्याचाही भरवसा नाही माझ्यावर.

११ डिसेंबर, बुधवार

खाणीच्या कडेची वाट पाहिली. एकटीच गेले, आई झोपली होती.

खाणीत आता पाणी साठलंय, हिरवंगार. कडेला ना कुंपण ना फळी. वाट कड्याच्या ओठावरून जाते आणि काही ठिकाणी एका पावलाएवढीच आहे. आईला या वाटेने आणायचं म्हणजे तिला ढकलून देणंच. तरी मी शेवटपर्यंत गेले. का, माहीत नाही.

समोरच्या टप्प्यावर आई खडी फोडायला बसायची. मला गोणपाटाच्या सावलीत बसवायची आणि हातोडीच्या तालावर पाढे म्हणायला लावायची. तिला पाढे येत नव्हते. मी चुकले तरी तिला कळायचं नाही, पण मी अडखळले की कळायचं. हातोडी थांबायची.

तिथे दगडावर बसले. डावा हात मुंग्या आल्यासारखा झाला होता. पिशवी त्याच हातात होती, म्हणून. आम्लपित्ताची गोळी चघळली. थकवा असा आहे की कशाचा रागसुद्धा येत नाही. प्रज्ञेशचा, पायलचा, कुणाचाच. एरवी यायचा आणि बरं वाटायचं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "कड्याला गेलतीस." मी नाही म्हटलं. जेवताना तिने स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली, चाचपडत.

१४ डिसेंबर, शनिवार

प्रज्ञेशचा फोन. आजी रेडी आहे का? मग तो म्हणाला, पाळणाघरातून नात सर्दी घेऊन आलीय, पायलची चिडचिड होतेय, न्यू इयरच्या आधी होईल ना सगळं? बघते म्हटलं. तू कशी आहेस, हे त्याने फोन ठेवता ठेवता विचारलं. मी बरी आहे म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

त्याच्यावर कामाचा ताण आहे. सगळ्यांवरच असतो.

खरं लिहायचं तर मला कर्वेनगरला जायची घाई नाही. इथे सकाळी चहा झाला की दोघी भिंतीला टेकून बसतो. कुणाचा डबा नाही. आई विचारते, ऊन कुठवर आलं? मी सांगते, शालनच्या दारापर्यंत. मग ऊन पायांवर येईपर्यंत दोघी तिथेच बसतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

वाट सापडली!

सगळ्या वाटा मी खाली उतरत पाहत होते. आज वर गेले. आईच्या घराच्या मागे शेवटचा टप्पा, आणि त्याच्यावर गिरिपुष्पाच्या झाडांचं रान. शेळ्या जातात तिथून मीही घुसले. काट्याफांद्यांच्या खाली जमीन सपाट लागली आणि रुंद. मग एकदम आठवलं. खडीचे ट्रक! खाणीतले ट्रक काही जिन्यावरून उतरत नव्हते. त्यांचा रस्ता वरून टेकडीला वळसा घालून पलीकडे जायचा. भरलेला ट्रक चढायचा म्हणजे चढ सौम्यच असणार. आम्ही पोरं त्या ट्रकांच्या मागे लोंबकळायचो आणि बाबा शिव्या द्यायचे.

रस्ता अजून आहे. वर गवत, बाजूला झाडं वाढलीत इतकंच. आई काठी घेऊन, माझा हात धरून सहज चालेल, एकही पायरी नाही. शेवटी टेकडीच्या माथ्यावर महापालिकेची पाण्याची टाकी आहे आणि टाकीपर्यंत पलीकडून डांबरी रस्ता येतो. तिथे रिक्षा येऊ शकते. खाली जायचं तर आधी वर चढायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एकच अडचण. टाकीला कुंपण आणि गेटला कुलूप. वॉचमनने गजांच्या मागूनच सांगितलं, वरून सांगणं आल्याशिवाय उघडत नाही. मी म्हटलं, मी वरच्या खाणीवरूनच आलेय. तो हसला नाही.

इतकी दमले की परत येताना शेवटच्या चढणीवर, ती तर उताराचीच होती खरं म्हणजे, झाडाला धरून उभी राहिले. घाम फुटला. डिसेंबरात. पण आनंद झालाय.

ज्ञानदेवला सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत होतं.

२३ डिसेंबर, सोमवार

गेटसाठी तीनदा खाली महापालिकेच्या कचेरीत जाऊन परत चढले. पहिल्यांदा साहेब मीटिंगला होते. दुसऱ्यांदा एका टेबलावरच्या गृहस्थांनी मला पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "बाई, पाण्याची टाकी आहे ती, बस स्टँड नाही."

आज नीरजा नावाची एक तरुण इंजिनिअर भेटली. तिच्या टेबलासमोर बसले आणि मला बोलायलाच येईना, नुसता श्वास. तिने पाणी दिलं, पंखा लावला. मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, सोमवारी सकाळी गेट उघडायला सांगते, मी स्वतः फोन करेन. पुढे म्हणाली, "मॅडम, तुम्ही नका येऊ परत एवढ्यासाठी. आणि बरं नाही वाटत का तुम्हाला?" मी म्हटलं, चढाचं आहे सगळं, वय झालं.

म्हणजे सोमवारी, तीस तारखेला. हॉस्पिटलात नंबर लावायला प्रज्ञेशला सांगितलं.

२६ डिसेंबर, गुरुवार

आई फिरली. सकाळी उठून म्हणाली, "मला न्हाई जायचं. ऱ्हाऊ दे डोळा."

मी म्हटलं, एवढी वाट शोधली, कचेरीच्या चकरा मारल्या, काय झालं आता? काही नाही म्हणाली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तुजा श्वास मला खालच्या वळणापास्नं ऐकू येतो. आधी तुजं बघ. माज्यासाठी चढू-उतरू नको."

तिची ही सवयच आहे, स्वतःचा विषय आला की दुसऱ्याचं काहीतरी काढायचं. माझा तोल गेला. मी म्हटलं, घरदार सोडून तुझ्यासाठी इथे येऊन बसलेय आणि तुला त्याचं काही नाही.

ती म्हणाली, "मी बोलावलं व्हतं का?"

मग दिवसभर बोललो नाही. दुपारी शालन येऊन दोघींच्या तोंडाकडे बघून परत गेली.

संध्याकाळी आईच बोलली. भिंतीकडे तोंड करून बसली होती, मला वाटलं भिंतीशीच बोलतेय. "येते मी. पर एक. त्याच दवाखान्यात त्याच दिशी तू बी डाक्टरला दाखवायचं. छाती दाखवायची. न्हाईतर मी हितनं हलत न्हाई."

मी हो म्हटलं. म्हातारीशी वाद कोण घालणार.

२७ डिसेंबर, शुक्रवार

उद्या ज्ञानदेव कोयता घेऊन येतोय, ट्रकच्या रस्त्यावरच्या फांद्या तोडायच्या. आईच्या पदरात काटा अडकायला नको. मी एकदा पूर्ण चालून बघेन, मध्ये तिला बसायला दगड कुठे कुठे आहेत ते ठरवून ठेवेन.

आईने आज लवकर झोपायला लावलं. भांडी मी घासते म्हणाली. घासलीही, निम्मी खरकटीच राहिली. मी सकाळी गुपचूप परत घासेन.

३० डिसेंबर, सोमवार

हॉस्पिटल. वही प्रज्ञेशने आणून दिली.

शनिवारी ट्रकच्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं झालं. ज्ञानदेव पुढे फांद्या तोडत होता. मी त्याला हाक मारायचा प्रयत्न केला. पुढचं तुकड्या-तुकड्याने आठवतं. प्लास्टिकची खुर्ची, ओढणीने बांधलेली. ज्ञानदेवचा घाम माझ्या अंगावर. टाकीच्या गेटला कुलूप, म्हणून सरळ जिन्यानेच उतरवलं. मी वर बघत होते, तर दोन्ही बाजूंची दारं भराभर बंद होत होती, खुर्ची वळावी म्हणून. ते वॉशिंग मशीन दोघांनी उचलून घरात घेतलं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

चौघांच्या खांद्यावरून गेले. आईच्या आधी.

दोन स्टेंट घातले. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस दुखत होतं? मी म्हटलं दुखत नव्हतं, नुसती थकत होते. त्यांनी जबडा विचारला, डावा हात विचारला, घाम विचारला. प्रत्येकाला हो म्हणावं लागलं. मग ते म्हणाले, "आणि तुम्ही रोज टेकडी चढत होतात?" प्रज्ञेश खिडकीकडे तोंड करून उभा होता.

आज आईला आणायचं होतं.

३१ डिसेंबर, मंगळवार

आई आली.

काल दुपारची गोष्ट. काल लिहिताना माहीत नव्हतं, मला सांगितलं नव्हतं कुणी. मला झोपेचं औषध दिलेलं. सुमारे चार-पाच वाजता जाग आली तेव्हा खाटेच्या कडेला कुणीतरी बसलं होतं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवत होतं. खरखरीत हात, आणि ओले. मला वाटलं स्वप्न. हात बघितले तर तळवे सोललेले, औषध लावलेलं.

शालनने सगळं सांगितलं. शनिवारी त्यांनी आईला सांगितलं होतं की मला पित्त झालंय, दोन दिवसांत येईल. आईने दोन दिवस ऐकून घेतलं. सोमवारी सकाळी तिने लुगडं बदललं, काठी घेतली आणि दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "पित्तानं मानूस खुर्चीत बांधून नेत न्हाईत."

शालनने सांगितलं, टाकीचं गेट आज उघडणार आहे, आम्रपालीताईंनी ठरवलंय, मी बोलावते सगळ्यांना, वरून जाऊ. आई म्हणाली, "वर कशाला? ती खाली हाय." ज्ञानदेव खुर्ची घेऊन आला. तिने खुर्चीला हातही लावू दिला नाही.

मग ती सरळ जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. बसल्या बसल्या खालच्या पायरीवर सरकली. दोन्ही हात मागे टेकून, पुन्हा खाली. शालन तिच्या पुढे उलटी उतरत होती आणि तिची पावलं हाताने धरून पायरीवर ठेवत होती. उंच पायरी आली की सांगायची, मावशी, ही मोठी आहे. आई म्हणायची, ठाव हाय. फरशीच्या पायऱ्यांवर बायकांनी आपापल्या घरातल्या सतरंज्या आणून टाकल्या. कुणीतरी नळ बंद करायला लावला. खाली दगडी पायऱ्या लागल्या तेव्हा आईने त्यांच्यावरून हात फिरवला म्हणे आणि जरा वेळ बसली. नंतर पुन्हा सरकायला लागली. पायथ्याला पोचेपर्यंत दुपार झाली होती. लुगडं मागून फाटलं होतं. शालनने स्वतःची ओढणी तिला गुंडाळली आणि रिक्षात बसवलं.

हे ऐकताना मी आईकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती, पण जरा बाजूला, जिथून माझा आवाज येतो असं तिला वाटलं तिथे.

मी म्हटलं, "आई, मी एवढी वाट शोधली होती गं तुझ्यासाठी."

"चांगली असंल," ती म्हणाली. "पर लांबची व्हती."

मग नर्सने तिला बाहेर जायला सांगितलं. ती हलली नाही. नर्सने आवाज चढवला. आई म्हणाली, "बाई, मी किती येळ लावून आलीय ते तुला ठाव न्हाई." नर्सला काय वाटलं कोण जाणे, तिने एक स्टूल आणून दिलं.

माझी वाट कुणाच्याच कामी आली नाही. काल नीरजाबाईंनी फोन केला होता, वॉचमनने गेट उघडलंही होतं. दुपारपर्यंत उघडं होतं म्हणे.

१२ जानेवारी, रविवार

कर्वेनगर. आई आमच्याकडेच आहे. ती परत जायचं म्हणत नाही आणि मीही विचारत नाही. लिफ्टमध्ये ती माझा दंड धरते. म्हणते, चढल्यासारखंही वाटत नाही आणि वर तर येतो.

मला काही करू देत नाहीत. पायलने स्वयंपाकाला बाई लावली. प्रज्ञेश रोज सकाळी गोळ्या हातात देतो आणि मी गिळेपर्यंत उभा राहतो. काल तो म्हणाला, "आई, मला सांगायचं ना." मी म्हटलं, मलाच माहीत नव्हतं. तो म्हणाला, आजीला माहीत होतं.

नात दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसून खेळते. तिला वाटतं आम्ही तिच्यासाठीच घरी राहिलोय.

अजून थकवा जात नाही. जाईल म्हणतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

काल आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढायची होती. मी यायचंच म्हटलं. प्रज्ञेशने गाडीत पुढे बसवलं.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. पट्टी काढली, डोळा पुसला, तिला उघडायला सांगितलं. आईने उघडला. आधी छताकडे, मग दिव्याकडे बघितलं, मिटला, परत उघडला. डॉक्टरांनी बोटं धरून किती आहेत विचारलं. तिने बरोबर सांगितली. त्यांनी विचारलं, आजी, अजून काय दिसतं?

आई हळूहळू खोलीभर बघत माझ्यापर्यंत आली. आणि थांबली. कपाळाला आठी घालून बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघतात तशी.

"ही कोन बाई हाय?" तिने प्रज्ञेशला विचारलं.

डॉक्टर हसले. प्रज्ञेशही हसायला लागला होता, मग थांबला.

"आई, मी," मी म्हटलं.

आवाज ऐकल्यावर तिने ओठ मिटले. मग हात पुढे केला आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. मला शाळेला पाठवताना करायची तसं नव्हे. सावकाश, सगळं बघत.

"आमा," ती म्हणाली, "किती दमलीस गं. कवा झालीस एवढी म्हातारी? मला कुनीच कसं सांगितलं न्हाई?"

मी तिच्या शेजारी पलंगावर बसले आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. साठीला आलेली बाई, डॉक्टर समोर, मुलगा समोर. ठेवलं. तिने जरा सरकून मला जागा करून दिली.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. वर न बघता म्हणाले, आता महिनाभर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. ते आईला सांगत होते. मी पदराने डोळे पुसले.